एक्सच्या ‘कम्युनिटी नोट्स’: भांडण थंड असेल तोवर उत्तम

एक्सवर (आधीचं ट्विटर) एखाद्या पोस्टखाली वाचकांनी जोडलेल्या संदर्भाचा छोटा चौकोन दिसतो. तो कंपनीचा संपादक लिहीत नाही, फॅक्टचेक करणारी संस्थाही लिहीत नाही. तो दाखवायचा की नाही हे साधे वापरकर्तेच ठरवतात, आणि सुरुवातीपासून लिहीतही तेच आले आहेत. ही सेवा जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत ‘बर्डवॉच’ नावाने सुरू झाली, २०२२ च्या अखेरीस तिला आजचं नाव मिळालं आणि भारतीय वापरकर्त्यांना तिची दारं एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर उघडली. (‘नोटा’ म्हटलं की मराठी माणसाला मतदानयंत्रावरचं शेवटचं बटण आठवतं, म्हणून पुढे ‘टीप’ हाच शब्द वापरू.)

आधी निकाल. फसव्या जाहिराती, एआयने बनवलेले फोटो, जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरवणं यांवर ही सेवा खरोखर चांगली आहे. तापलेल्या राजकीय वादात मात्र तिच्यावर विसंबू नये. तिथे ती बहुतेकदा गप्प बसते, आणि ती गप्प का बसते हे कळण्यासाठी तिचं गणित बघावं लागतं.

हे बहुमताचं मतदान नाही. शंभर जणांनी टीप उचलून धरली तरी ती दिसेलच असं नाही. प्रत्येक टिपेला ‘उपयुक्त’, ‘थोडी उपयुक्त’ किंवा ‘उपयुक्त नाही’ असा शेरा मिळतो, म्हणजे १, ०.५ किंवा ०. मग संगणक प्रत्येक शेऱ्याची फोड चार तुकड्यांत करतो: सगळ्या शेऱ्यांची सरासरी, हा माणूस मुळात किती सढळ हाताने गुण देतो, त्याचा कल आणि टिपेचा कल किती जुळतो, आणि या सगळ्यातून जे उरतं ते टिपेचे स्वतःचे गुण. हे उरलेले गुण साधारण ०.४० पर्यंत पोहोचले तरच टीप सर्वांना दिसते. त्यातही स्वतःच्या गुणांवर कलापेक्षा पाचपट कडक लगाम आहे. त्यामुळे एखादा शेरा ‘आपल्या बाजूचा म्हणून दिला’ असं म्हणता येत असेल, तर गणित तेच म्हणतं. जे दोन्ही बाजूंनी आलं, तेवढंच टिपेच्या पदरात पडतं.

यात कुणालाही ‘तुमचा पक्ष कोणता’ असं विचारलेलं नाही. माणसाचा कल त्याने आधी दिलेल्या शेऱ्यांवरूनच काढला जातो. टोळी जमवून एकाच बाजूने शेरे ओतणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते: ते जितके एकसारखे वागतात, तितके गणिताच्या नजरेत एकाच माणसासारखे दिसू लागतात. व्यवस्था अभेद्य नाही, पण केवळ तक्रारींच्या संख्येवर चालणाऱ्या एखाद्या व्यवस्थेपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

सामील होण्याच्या अटी सोप्या आहेत: खातं किमान सहा महिने जुनं, फोन नंबर पडताळलेला आणि अलीकडे नियमभंग नाही. आत गेल्यावर एक टोपणनाव मिळतं, ते खऱ्या खात्याशी जोडून दाखवलं जात नाही. पण लगेच लिहिता येत नाही. आधी इतरांच्या टिपांवर शेरे मारून ५ गुण कमवावे लागतात, आणि टिपेचा निकाल (ती दिसणार की फेटाळली जाणार) लागण्याआधी दिलेला शेरा अंतिम निकालाशी जुळला तरच गुण मिळतो. उलट पडला तर गुण जातो. नवखे इथेच अडकतात. ते दिसलेल्या प्रत्येक राजकीय टिपेवर शेरा मारत सुटतात, त्यातल्या बहुतेक टिपा अधांतरीच राहतात आणि गुण हलत नाहीत. ५ गुण लवकर हवे असतील तर घोटाळ्यांच्या जाहिराती आणि बनावट फोटो यांवरच्या ताज्या टिपा धराव्यात.

टीप लिहायला जागा २८० अक्षरांची. दुवा कितीही लांब असला तरी तो एकच अक्षर मोजला जातो, आणि स्रोताचा दुवा सक्तीचा आहे. टीप पडते ती बहुधा तीन कारणांनी. पहिलं म्हणजे सूर. ‘हा धादांत खोटारडेपणा आहे’ असं लिहिलं की समोरच्या बाजूचा एकही शेरा मिळत नाही आणि टीप जागीच मरते. ‘हा फोटो ऑगस्ट २०१९ च्या सांगलीच्या पुराचा आहे’ इतकंच लिहून दुवा द्यावा, विशेषणं पोस्ट टाकणाऱ्याकडेच राहू द्यावीत. दुसरं, स्रोत एका बाजूचा असणं. पक्षाच्या हँडलचा किंवा पक्षाकडे झुकलेल्या वाहिनीचा दुवा दिला तर माहिती बरोबर असूनही अर्धे लोक ती मानत नाहीत. सरकारी आदेश, न्यायालयाचा निकाल, निवडणूक आयोगाचं पत्रक, मूळ भाषणाचा पूर्ण व्हिडिओ हे जास्त टिकतं. तिसरं, मताला टीप जोडणं. ‘हे सरकार निकम्मं आहे’ हे मत आहे, त्यावर कितीही आकडे दिले तरी ‘टिपेची गरज नाही’ हाच शेरा येणार. तो गैरही नाही.

अनुभवी लेखकांना फोटोलाच टीप जोडण्याची सोय आहे. मग तोच फोटो दुसऱ्या पोस्टमध्ये आला तरी टीप तिथे दिसते. सेवेतला हा सर्वात उपयोगी भाग. मात्र अशा टिपेत ‘या पोस्टमध्ये म्हटल्याप्रमाणे’ असे शब्द येता कामा नयेत. तोच फोटो कुणी खऱ्या तारखेसह टाकला असेल, तर त्याच्याखाली ही टीप अन्याय करते.

आता दुखणी. पहिलं म्हणजे वेळ. खोटी पोस्ट पहिल्या काही तासांत हवी तेवढी पळून घेते, आणि टीप तोवर शेऱ्यांच्या रांगेत उभी असते. टीप लागल्यावर परिणाम होतो, हे नक्की. २०२५ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात टीप जोडल्यानंतरचे रिपोस्ट सुमारे ४६ टक्क्यांनी आणि लाइक सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण पोस्टचं एकूण आयुष्य धरलं की ही घट बरीच आक्रसते, कारण वरात पुढे निघून गेलेली असते. पोस्ट लाइक किंवा रिपोस्ट करणाऱ्यांना नंतर सूचना जाते. ती चांगली सोय आहे, पण ज्याने स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, त्याच्या मामा-काकांपर्यंत ती कशी पोहोचणार? महाराष्ट्रातल्या बऱ्याच अफवांचा प्रवास पुढे त्याच वाटेने होतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून पाच जणांची हत्या झाली, तेव्हा अफवा फिरत होती ती व्हॉट्सअॅपवर. तिथे असा चौकोन नाही.

दुसरं दुखणं जास्त खोल आहे. लिहिलेल्या टिपांपैकी दहातली एक दिसली तरी पुष्कळ. ‘सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट’ या संस्थेने २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातल्या २८३ दिशाभूल करणाऱ्या पोस्ट तपासल्या. त्या प्रत्येकीसाठी अचूक टीप लिहिलेली होती, तरी २०९ पोस्टवर ती सर्वांना दिसत नव्हती. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. दोन्ही बाजूंची सहमती ही अट ठेवली की जिथे समाज सर्वाधिक दुभंगलेला, तिथेच टीप सर्वात दुर्मीळ होते. करोना लसींवरच्या दिसलेल्या टिपांचा एक नमुना तज्ज्ञांनी तपासला तेव्हा ९७ टक्क्यांहून जास्त टिपा अचूक निघाल्या. म्हणजे दिसते ती टीप बहुधा खरी असते, पण टीप नसणं हा पोस्ट खरी असल्याचा दाखला नाही. वापरकर्ते नेमकं उलट वाचतात, आणि ते जास्त घातक आहे.

‘दोन बाजू’ हीसुद्धा अमेरिकी सोय. मूळ गणितात कलाची एकच रेघ आहे, एक टोक इकडे, एक तिकडे. तिथे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन तीवर बरे बसतात. इथे २०२२ मध्ये एका पक्षाची दोन शकलं झाली, २०२३ मध्ये दुसऱ्याची. पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून जून २०२५ मध्ये वाद पेटला, तेव्हा नेहमीच्या रेघेवर दूरदूर बसणारे लोक एका बाजूला आले. आरक्षणाच्या वादातली विभागणी पक्षांच्या रेघेला आडवी छेदून जाते. एका रेघेचं गणित अशा ठिकाणी खरं मतैक्य कोणतं आणि योगायोग कोणता हे नीट ओळखू शकत नाही. काही विषयांसाठी एक्सने वेगळी उपगणितं केली आहेत: युक्रेन युद्ध, गाझा, आणि चक्क मेस्सी-रोनाल्डो. त्या वादात ध्रुवीकरण नाही असं कोण म्हणेल!

यातून समाजाची फाळणी कमी होईल, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत २३ हजारांहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांना आपल्याच मताच्या स्रोतांचा मजकूर सुमारे एक तृतीयांशाने कमी दाखवला गेला. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्या राजकीय भूमिकांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. फीडमधल्या एवढ्या फेरफाराने जे हललं नाही, ते पोस्टखालच्या २८० अक्षरांनी हलणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने अमेरिकेत फॅक्टचेक संस्थांना रजा देऊन याच धर्तीची सोय आणायचं ठरवलं आणि सुरुवात एक्सच्याच खुल्या गणितापासून केली. टीप ही पूरक म्हणून चांगली वस्तू. पगारी तपासनीसाच्या जागी ती बसवणं हा निव्वळ काटकसरीचा निर्णय वाटतो. शिवाय बऱ्याच टिपांतले दुवे त्याच तपासनीसांच्या लेखांचे असतात, हा विनोद वेगळा.

संशोधकांसाठी मात्र ही सेवा पाचपैकी साडेचार. कोणती पोस्ट किती पसरली हे दाखवणारं फेसबुकचं साधन क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं, ट्विटरचा मोफत एपीआय (पोस्टचा डेटा प्रोग्रामने थेट मिळवण्याची सोय) २०२३ मध्येच गेला. अशा दुष्काळात सगळ्या टिपा, सगळे शेरे, स्थितीचा इतिहास आणि गणिताचा पायथन या संगणकभाषेतला कोड मोफत उतरवून घेता येतो. अर्धा गुण कापला कारण मूळ पोस्टचा मजकूर त्यात नसतो, फक्त तिचा क्रमांक असतो.

हा डेटा एक्सेलमध्ये सरळ उघडू नये. पोस्टचे क्रमांक १९ अंकी असतात. एक्सेल १५ अंकच धरतं आणि पुढे शून्यं भरतं, मग एकही दुवा जुळत नाही. तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करावा, किंवा सरळ पायथन वापरावं. शेऱ्यांच्या फायली तशाही एक्सेलच्या १०,४८,५७६ ओळींत मावत नाहीत. वेळ मिलिसेकंदांत आणि जागतिक प्रमाणवेळेत असते: १००० ने भागून साडेपाच तास मिळवावेत, नाहीतर रात्री साडेअकराची टीप संध्याकाळी सहाची दिसते. आणि टिपेची आजची स्थिती ही तिची कायमची स्थिती समजू नये. दिसलेली टीप नवे शेरे आल्यावर गायब होऊ शकते, दोन आठवड्यांनी स्थिती सहसा गोठते. म्हणून ताज्या टिपा मोजणीतून बाजूला ठेवाव्यात.

मराठी टिपा वेगळ्या काढणं हे स्वतंत्र काम आहे, कारण भाषेचा रकानाच नाही. केवळ देवनागरी शोधली तर हिंदी, मराठी, नेपाळी सगळं एका पोत्यात येतं, आणि भाषा ओळखणारी तयार साधनं छोट्या मजकुरात मराठीला हिंदी ठरवतात. आधी ‘आहे’, ‘नाही’, ‘झाला’, ‘मध्ये’ हे शब्द आणि ‘ळ’ हे अक्षर यांवर चाळणी लावावी, मग हातात आलेला ढीग डोळ्यांनी तपासावा. नुसत्या ‘ळ’वर भरवसा नको. हिंदी मजकुरातही मराठी आडनावं आणि गावांची नावं येतात.