मेह्यू की बूथ?

शिवाजी विद्यापीठात प्रबंधाची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीला लक्ष्मीपुरीतील हमालांची पाहणी करायची आहे आणि लंडनच्या गरिबीचा शोध घेणाऱ्या हेन्री मेह्यू व चार्ल्स बूथ यांपैकी कोणाची पद्धत धरावी, हा तिचा पेच आहे.

मेह्यूने 1849 पासून वृत्तपत्रासाठी कष्टकऱ्यांना बोलते केले. वॉटरक्रेस ही पालेभाजी विकणारी आठ वर्षांची मुलगी घासाघीस कशी करते, हे तिच्याच बोलीत वाचताना आजही जीव कळवळतो. मात्र अशा मुलाखतींवरून एकूण गरीब किती, हे सांगता येत नाही.

बूथने तेच मोजले. शाळा मंडळाच्या घरभेटी देणाऱ्या कर्मचाऱ्यांकडील माहितीवरून त्याने 30.7 टक्के लंडनकर गरिबीत असल्याचे दाखवले आणि गरिबीनुसार प्रत्येक रस्त्याला रंग दिलेले नकाशे काढले. त्याला माणसे, पैसा आणि अनेक वर्षे लागली. शिवाय सर्वांत खालच्या वर्गाला काळा रंग देऊन त्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

एकट्या विद्यार्थिनीने मोजक्या हमालांचे जगणे समजून घेण्यासाठी मेह्यूच घ्यावा; महापालिकेपुढे प्रभागनिहाय मागणी मांडणाऱ्या गटाला मात्र बूथशिवाय गत्यंतर नाही.