बारावीनंतर वकिली: पाच वर्षांचा कोर्स की आधी बीए?

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या वहिनी बारावी झालेल्या, मुलगी ४ वर्षांची. परवा मटार सोलताना म्हणाल्या, "वकील व्हायचंय. पाच वर्षांचं बीए एलएलबी करू, की बीए करून मग तीन वर्षांचं एलएलबी?" हातातली शेंग तशीच राहिली होती.

वर्षांचा हिशेब सोपा: ५ विरुद्ध ६.

खरा प्रश्न हजेरीचा. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे लॉच्या प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते आणि घरबसल्या केलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. मुलीला ताप आला, बालवाडी लवकर सुटली, की तास बुडणारच. पाच वर्षांच्या कोर्सात ही ओढाताण पहिल्या दिवसापासून. बीए मात्र इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून घरी करता येतं. रोजचं कॉलेज सुरू होईल तेव्हा मुलगी ७ वर्षांची, शाळेत रुळलेली असेल.

मुक्त विद्यापीठाची फीही कमी. शिवाय मध्येच थांबावं लागलं तर बीए हातात राहतं. पाच वर्षांचा कोर्स अर्धा सोडला तर पदवी नाही, मला याचीच जास्त धास्ती वाटते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे क्लॅटला, वयाची वरची अट नाही, पण जवळचं असं विद्यापीठ भोपाळला. मुलीला सोडून तिकडे राहणं वहिनींना जमणार नाही.

घरात आजी-आजोबा असतील, फीची सोय असेल, तर इंदुरातच देवी अहिल्या विद्यापीठाचं पाच वर्षांचं बीए एलएलबी बघावं. वहिनींसारखं एकटीनं सांभाळायचं असेल, तर आधी बीए.