चाचणी उत्तम, ‘एकालाच कळवा’ ही सोय मात्र घेऊ नका

गरोदर बाईच्या रक्तावरून गर्भाची गुणसूत्रं तपासणाऱ्या चाचणीला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा ॲपमुळे गेला आणि एक पाकिटामुळे. पाकिटाचं पुढे येईलच.

मराठीत लिहितेय म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. भारतात गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणेनं किंवा आणखी कुठल्याही मार्गानं सांगणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रानं १९८८ साली तसा कायदा केला, देशभरासाठी तो १९९४ साली झाला. का करावा लागला, हे आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको, आणि त्या कायद्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आम्ही राहतो तिथे मात्र ही माहिती मागितली तर देतात, नको म्हटलं तर देत नाहीत. तरी जाहिरात नको म्हणून केंद्राचं नाव लिहीत नाही. आम्हाला काय कळलं तेही लिहिणार नाही. ज्या जिवाची ती गोष्ट आहे तो अजून पोटातच आहे.

हे माझं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी आम्ही काहीच विचारलं नव्हतं. तेव्हा शेवटच्या कळेनंतर माझ्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, ‘रडत का नाहीये?’ मग रडणं ऐकू आलं, मग मी रडले, आणि बऱ्याच वेळानं नर्सनं स्वतःहून सांगितलं की मुलगी आहे, तेव्हा लक्षात आलं की अरे, हेही विचारायचं होतं. नऊ महिने ज्या उत्तराची एवढी उत्सुकता होती ते त्या क्षणी तिसऱ्या-चौथ्या नंबरावर गेलं होतं. म्हणून या वेळीही मला नकोच होतं. नवऱ्याला हवं होतं. तो चित्रपट बघायच्या आधी शेवट वाचून येणाऱ्यांपैकी आहे, पण या वेळचं त्याचं म्हणणं वेगळं होतं. ‘तुझ्या पोटात आहे, तुला रोज भेटतं. मला नऊ महिने नुसतं धुकं दिसतं. काहीतरी एक धरायला दे.’ यावर काय बोलणार?

आता चाचणीबद्दल. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून रक्त घेतात. पोटाला सुई लागत नाही, बाळाला हात लागत नाही. गरोदर बाईच्या रक्तात गर्भाकडच्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, हे १९९७ साली कळलं. त्यावर बेतलेल्या चाचण्या २०११पासून बाजारात आल्या. मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते हे, की ते तुकडे बाळाचे नसतातच, वारेचे असतात. वार आणि बाळ एकाच पेशीतून आलेले, म्हणून वारेवरून बाळाचा अंदाज बांधतात. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, पण तो अंदाजच. अहवालात ‘धोका जास्त’ आलं तर त्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो. आधी वारेचा नमुना किंवा गर्भजल तपासून खात्री करायची असते. समुपदेशक बाईंनी हे आम्हाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी किंचित वैतागले. आता वाटतं, चौथ्यांदा सांगितलं असतं तरी चाललं असतं.

या बाईंना वेगळे पाच तारे. त्यांनी आधी विचारलं, पहिल्या सोनोग्राफीत जुळं दिसलं होतं का? मग विचारलं, ‘तुम्हाला कधी दुसऱ्या कुणाचा अवयव बसवलाय का?’ मी चक्रावले. कारण असं, की चाचणी मुलगा ठरवते ती रक्तात वाय गुणसूत्राचे तुकडे सापडले की. आईला एखाद्या पुरुषाचं मूत्रपिंड बसवलेलं असेल तर ते तुकडे तिथूनही येतात. जुळ्यांपैकी एक गर्भ सुरुवातीलाच विरून गेला असेल तर त्याचेही काही आठवडे रक्तात राहतात. म्हणजे पोटात मुलगी आणि कागदावर मुलगा. क्वचितच होतं, पण होतं.

मग फॉर्म पुढे केला. त्यावर तीन चौकोन. पहिला एकविसाव्या, अठराव्या किंवा तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत आहे का (एकविसाव्याची असली तर डाऊन सिंड्रोम), याचा. ही चाचणी मुळात त्यासाठीच आहे. दुसरा लिंगाचा. तिसरा लिंग-गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त आहे का, याचा. बहुतेक लोक दुसऱ्यावर खूण करताना तिसऱ्यावरही करून टाकतात, असं बाई म्हणाल्या. मग घरी अहवाल येतो की एक्स एकच दिसतोय, किंवा दोन एक्स आणि एक वाय. ‘मुलगा की मुलगी विचारायला गेलात आणि हे उत्तर आलं, तर तुमची तयारी आहे का?’ असं काही निघालं तर या चाचणीचा भरवसा एकविसाव्या गुणसूत्राच्या निकालापेक्षा कमी असतो. शिवाय असं खरोखर असलेले कितीतरी लोक त्याचा पत्ताही न लागता आयुष्य काढतात. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि तिसरा चौकोन रिकामा सोडला. ज्यांना लिंग कळून घ्यायचंय त्यांनी निदान हा फॉर्म सावकाश वाचावा. उत्तरं दोनच असतात असं आपण धरून चालतो.

घरात हिमोफिलिया किंवा ड्यूशेन स्नायूक्षयासारखा, मुलग्यांवर जास्त बेतणारा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लिंग कळणं ही उत्सुकता राहत नाही, त्यावर पुढच्या तपासण्या आणि बाळंतपणातली काळजी ठरते. आमच्याकडे तसं काही नाही. आमची निव्वळ हौस होती, म्हणजे नवऱ्याची.

पहिलं रक्त फुकट गेलं. त्यात गर्भाकडचा वाटा कमी पडला. बऱ्याच प्रयोगशाळा साधारण ४ टक्के ही खालची मर्यादा धरतात, त्याच्या खाली असेल तर निकाल देत नाहीत. हा त्यांचा दोष नाही, निकाल रेटून दिला असता तर तो दोष झाला असता. पण निरोप आला तो ‘नमुना अपुरा, पुन्हा यावे’ एवढाच. बाळाचं काही बिनसलंय का, या विचारात एक रात्र गेली. पुढच्या दोन ओळी लिहायला काय लागत होतं?

आणि ते ॲप. निकाल आला तेव्हा मी जिन्यात उभी होते, एका हातात लेकीचं दप्तर. वर ‘धोका कमी’ असं लिहिलेलं आणि त्याच्या बोटभर खाली, त्याच हिरव्या रंगात, तेवढ्याच आकाराचं बटण: ‘लिंग पाहा’. मधे ‘नक्की ना?’ असं विचारणारी एक ओळसुद्धा नाही. माझा अंगठा अगदी त्यावर होता. मी फोन केला, तेव्हा दोन मिनिटांत त्यांनी ते बटण बंद केलं, माणसं चांगलीच आहेत. पण पाकीट मागितलेल्यांच्या ॲपमधून ते आपोआप जायला नको का?

पाकीट म्हणजे त्यांची ‘एकालाच कळवा’ ही सोय. निकाल बंद पाकिटात, एका पालकाच्या हाती. दुसऱ्याला बाळ आल्यावर कळेल. आम्हाला वाटलं, वा, भांडणच मिटलं. पाकीट घेतलं. नवऱ्यानं ते गाडीत बसून एकट्यानं उघडलं, काच वर करून. वर आला तेव्हा चेहरा परीक्षा दिलेल्या मुलासारखा कोरा.

सोय बहुधा अशा भाषेत सुचलेली असणार जिथे क्रियापदाला लिंग नसतं. मराठी घरात ती टिकत नाही. आपल्याकडे बाळ हे ‘ते’, आणि त्याचं मला आजवर कधी अप्रूप वाटलं नव्हतं. पहिल्या वेळी नऊ महिने आम्ही दोघं ‘ते हललं’, ‘त्यानं लाथ मारली’, ‘आता झोपलं असेल’ असं बोलत होतो आणि काही अडत नव्हतं. भाषेनं एक तिसरं दार उघडं ठेवलंय, नाव पडेपर्यंत तिथे बसा म्हणून. पण ज्याला माहीत आहे त्याला त्या दारातून रोज अवघडून जावं लागतं. नवरा आधी जपून बोलायला लागला, मग त्यानं क्रियापदंच सोडली. ‘हालचाल?’ ‘आज लाथा?’ ‘काय म्हणतंय पिल्लू?’ हे शेवटचं त्याला फार सोयीचं पडलं, कारण पिल्लू मुळातच नपुंसकलिंगी. दिवसातून वीस वेळा पिल्लू. तारेतून संदेश पाठवणारा माणूस घरात राहायला आल्यासारखं वाटत होतं.

अकरा दिवस टिकला. बाराव्या रात्री, अर्धवट झोपेत, माझ्या पोटावर हात ठेवून पुटपुटला, ‘झोप… वाटतं आता.’ मधल्या क्रियापदाचा शेवटचा स्वर मी इथे लिहीत नाही. पण तो ‘अं’ नव्हता.

मी अंधारात छताकडे बघत पडले. तो घोरायला लागला. सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं आणि मीही काही बोलले नाही. बिचाऱ्यानं इतकं सांभाळलं होतं. मग पुढचे दोन आठवडे तो माझ्यापासून लपवतोय आणि मी त्याच्यापासून, तीच एक गोष्ट. मीही क्रियापदं गाळायला लागले. एका घरात दोन तारमास्तर.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तो खेळ संपला. तिथल्या मुलीनं सुरुवातीलाच विचारलं, ‘लिंग कळवायचं की नाही?’ आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, ‘कळलंय.’ नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की त्या मुलीनं पोटावरचा प्रोब उचलून घेतला. मी हसायला लागले तर पडद्यावरचं चित्र हलायला लागलं.

त्यानंतर अर्धा तास तिनं काम केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. हृदयाचे चार कप्पे, त्यातून जाणारं रक्त. ओठ सलग आहे का. मणक्यांची माळ. दोन मूत्रपिंडं, भरलेलं मूत्राशय. मांडीच्या हाडाची लांबी. पिल्लू पाठ करून बसलेलं, म्हणून मला कुशीवर वळवलं, मग खोकायला लावलं, मग पाच मिनिटं चालून यायला सांगितलं. लिंग तिला या तपासणीसाठी लागतच नव्हतं. विचारलं असतं तरी पाय जुळवलेले असले किंवा मधे नाळ आली तर फसायला होतं, असं ती म्हणाली. आम्ही ज्याच्यावरून जवळजवळ चार आठवडे नाटक केलं ते तिच्या लेखी जाता जाता दिसलं तर दिसलं.

आता कळल्यावर काय बदललं? थोडं बदललं, आणि तेच मला खटकतं. परवा पोटात जोरात लाथ बसली तेव्हा माझ्या मनात त्या लाथेला लगेच एक स्वभाव चिकटला. महिन्यापूर्वी ती नुसती लाथ असती. ओळखीच्यांपैकी ज्यांना कळलं नाही ते अजून पोटाच्या आकारावरून आणि ठोक्यांवरून भाकितं करताहेत. ठोके मिनिटाला १४०च्या वर गेले तर मुलगी, हे मला तिघींनी सांगितलं. त्यात काही तथ्य नाही, पण निरुपद्रवी आहे. निरुपद्रवी नाही ते रंगीत धुराचं प्रकरण. २००८ साली अमेरिकेत एका ब्लॉगलेखिकेनं केक कापून बाळाचं लिंग जाहीर केलं, तिथून ती टूम पसरली आणि २०२०मध्ये अशाच एका समारंभातल्या धुराच्या नळकांड्यानं कॅलिफोर्नियातलं जंगल पेटलं. आग विझवताना एक जवान गेला. पुढे त्या लेखिकेनंच हे बंद करा म्हणून सांगितलं.

तेव्हा माझं मत: चाचणी घ्या, ती लिंगासाठी नाही. तिसरा चौकोन विचार करून भरा. लिंग कळून घ्यायचं असेल, आणि तुमच्या इथला कायदा परवानगी देत असेल, तर दोघांनी एकत्र बसून कळून घ्या, नाहीतर दोघांनीही घेऊ नका. ते पाकीट नको.

लेकीला आम्ही सांगितलेलं नाही. ती सहा वर्षांची आहे आणि तिनं विचारलेलंही नाही. तिला बाळ म्हणजे बाळ. रोज रात्री झोपायच्या आधी माझ्या पोटाला तोंड लावून जोरात विचारते, ‘पिल्लू, झोपलंस का?’

आम्ही दोघं गप्प बसतो.