पानांचं खत: जाळीचा पिंजरा की उथळ खड्डा?

इंदुरात पानगळ महाशिवरात्रीच्या आगेमागे सुरू होते आणि रंगपंचमीपर्यंत अंगण दिवसातून दोनदा झाडावं लागतं. आमच्याकडे दोन कडुनिंब, मागे एक आंबा, आणि शेजारच्यांचा पिंपळ निम्मा आमच्या बाजूला झुकलेला. ही पानं कचरागाडीत न देता बागेतच मुरवायची असं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो तो जागेचा. मी दोन वर्षं पिंजरा वापरला, एक वर्ष पिंजरा नि खड्डा शेजारी शेजारी चालवले, आणि गेली चार वर्षं फक्त खड्डा. गोण्यांचा प्रयोगही झाला होता. पण विणलेली प्लास्टिकची गोणी आपल्या उन्हात वर्षभरात विरते आणि तिचे पांढरे तंतू खतात मिसळतात. ते मी अजून वाफ्यांतून वेचतो आहे, म्हणून गोण्या या तुलनेत धरत नाही.

पिंजऱ्याचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणायची, तीन-साडेतीन फूट व्यासाचा गोल करून तारेनं बांधायचा, की अर्ध्या तासात काम संपलं. खणणं नाही, गवंडी नाही. चारी बाजूंनी हवा खेळते, त्यामुळे वास कधी येत नाही. पानं खाली बसतात तशी वरून नवी टाकता येतात. उलटायची वेळ आली की जाळी उचलून शेजारी ठेवायची आणि ढीग पुन्हा तिच्यात भरायचा. कंबर दुखणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं. पावसाळ्यात तर पिंजऱ्याला तोड नाही, कितीही पडलं तरी पाणी खालून निघून जातं.

अडचण आहे ती पावसाळ्याआधीच्या तीन महिन्यांची.

पानांच्या खताबद्दल आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं थंड मुलखात लिहिलेलं असतं. तिकडे पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात आणि पुढे ओला हिवाळा असतो. पानं आपली आपण भिजतात, कुणाला काही करावं लागत नाही. माळव्यात पानं गळतात आणि लगेच समोर चैत्र-वैशाखाचं ऊन, वर पश्चिमेचा कोरडा वारा. पिंजऱ्यात चारी बाजूंनी हवा खेळते हे मी वर गुण म्हणून सांगितलं, पण एप्रिलात तीच हवा ढीग वाळवते. माझ्या पिंजऱ्यातला बाहेरचा वीतभर थर जूनपर्यंत जसाच्या तसा कुरकुरीत राहायचा. एका वर्षी त्याच्या बुडाशी वाळवीही लागली.

मग पाणी घालायचं. इथंच माझं मन पिंजऱ्यावरून उडालं. वाळल्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, आणि पिंपळाची पानं एकावर एक अशी बसतात की कौलारू छप्परच तयार होतं. मी संध्याकाळी तीन बादल्या ओतायचो. वरची पानं चमकायची, खालून पाणी वाहून फरशीवर यायचं, आणि मला वाटायचं की ढीग भिजला. एकदा फावड्यानं मधोमध उघडून पाहिला तर हातभर आत कोरडं ठाक. पाण्यानं स्वतःची एक वाट शोधली होती आणि दीड महिना ते त्याच वाटेनं जात होतं.

आमच्या वसाहतीत नळ एक दिवसाआड येतो. हे पाणी नर्मदेचं, जलूदहून पठारावर चढवून आणलेलं. आईनं एका संध्याकाळी बादली हातात बघून विचारलं, "अरे, मोगरा माना टाकतोय आणि तू वाळल्या पानांना पाणी घालतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खड्ड्याची जागा आखली.

खड्डा म्हणजे विहीर नव्हे. माझा चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल आहे. पानं आदल्या रात्री जुन्या टबात बुडवून ठेवतो, सकाळी निथळून वीतभर थर देतो, त्यावर शेणाचा पातळ काला आणि मूठ-दोन मूठ माती. शेण मिळालं नाही तर भाजीची देठं आणि ताजं कापलेलं गवत चालतं. वाळल्या पानांत नत्र फार कमी असतं, ते कुठून तरी द्यावंच लागतं, पिंजरा असो की खड्डा. वर जुनं गोणपाट टाकतो. बाजूची माती ओल धरून ठेवते, वारा लागत नाही, आणि आठवड्याला दोन बादल्यांत भागतं. त्याही तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्याच्या. ओल किती हवी ते मी मुठीनं ओळखतो. मूठभर काढून दाबली की बोटांत दमटपणा जाणवावा, पाणी गळू नये. आत लोखंडी सळई खुपसून ठेवतो. दहाव्या-बाराव्या दिवशी ती उपसून हातात धरवत नाही इतकी तापली असेल, तर काम चाललं आहे असं समजतो.

खड्ड्याचा दोष मोठा आहे आणि तो लपवत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये खड्डा तसाच ठेवला. आठ दिवसांत त्यात काळं, कुजकट वासाचं पाणी साचलं आणि डासही झाले. घरात लहान मूल असेल तर उघडा खड्डा हीसुद्धा काळजीची गोष्ट आहे. त्यावर फळी हवीच.

यावरचा उपाय आपल्याच गावात जवळपास शंभर वर्षांपूर्वी सापडलेला होता. जगभर ज्याला 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती इथल्याच वनस्पती-संशोधन संस्थेत तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 साली ती संस्था सुरू केली, आणि 1931 साली या खताविषयीचं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्या सोबतीनं लिहिलं. वाडांचं नाव इंदूरच्या मराठी घरांतून अधिक घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या पद्धतीत कोरड्या दिवसांत उथळ खड्डे आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, अशी सरळ वाटणी होती. माल तीनदा उलटायचा आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. त्यांच्याकडे बैल होते, गोठा होता, मूत्र मुरलेली माती होती. माझ्याकडे यातलं काही नाही, म्हणून मला सहा-सात महिने लागतात.

आता मृग लागायच्या आत मी खड्डा उपसतो आणि माल शेजारी जमिनीवर रचतो. एक उलटणं त्यातच होऊन जातं. आणि खरं सांगायचं तर त्या ढिगाभोवती माझी जुनी जाळीच लावतो. नवरात्रापर्यंत कडुनिंबाचं पान ओळखू येत नाही, पिंपळाच्या नुसत्या शिरांची जाळी हाताला लागते, आंब्याची काही पानं मात्र हट्टानं अख्खी राहतात. ती चाळून पुढच्या वर्षीच्या खड्ड्यात टाकतो. चाळलेलं खत शेवंती आणि झेंडूच्या वाफ्यांत जातं.

तुमचं अंगण फरशीचं असेल, किंवा गच्चीवरच सगळं करायचं असेल, तर पिंजराच घ्या. फक्त आतून गोणपाटाचं अस्तर लावा आणि पानं भिजवूनच भरा, नुसतं वरून ओतू नका. घरी बोअरिंगचं भरपूर पाणी असेल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. पण मातीचं अंगण आणि एक दिवसाआडचा नळ असेल, तर मी खड्ड्याकडे बोट दाखवीन. तो जानेवारीतच खणून घ्या. तेव्हा काळ्या मातीत अजून थोडी ओल असते. मार्च सरला की कुदळ नुसती आपटून परत येते.