शिसं वितळवायचा इलेक्ट्रिक पॉट, काही महिने वापरल्यावर

मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजनं मी घरीच ओततो. आधी लोखंडी भांडं, शेगडी आणि पळी होती, आता खालून ओतणारा इलेक्ट्रिक पॉट वापरतोय त्यालाही बरेच महिने झाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मळी (वितळलेल्या शिशावर जमणारा कचरा) वर तरंगत राहते आणि खालच्या नळीतून स्वच्छ शिसं येतं. पळीने ओतताना दरवेळी मळी बाजूला सारावी लागायची, ती कटकट संपली. पण स्पीड पॉटमुळे वाढतो असं कोणी समजू नका, तो साच्यावर असतो. साचा थंड असला की वजनावर सुरकुत्या पडतात आणि कडा भरत नाहीत, मग लोक पॉटचं तापमान वाढवत बसतात आणि शिसं अजूनच काळं पडतं. त्यापेक्षा शिसं वितळेपर्यंत साचा पॉटच्या काठावर ठेवून तापू द्या आणि मग हात थांबवू नका. ओतलं की साच्याच्या तोंडावरच्या शिशाकडे बघायचं, आधी आरशासारखं चमकतं, मग एकदम मंद पडतं, तेव्हा अजून दोन-चार सेकंद थांबून साचा उघडायचा. वजनावर पांढुरकी झाक यायला लागली तर साचा जास्त तापलाय, जरा दमाने घ्या.

डायलवरचे आकडे म्हणजे डिग्री नव्हेत, वेगळा थर्मामीटर घ्याच. शिसं 327 डिग्री सेल्सिअसला वितळतं, मी 370 च्या आसपास ठेवतो. भंगारातली चाकाची वजनं (गाडीच्या चाकांच्या बॅलन्सिंगला लावतात ती) घेत असाल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यात जस्ताची पण असतात, जस्त 419 ला वितळतं, म्हणजे तापमान कमी असेल तर ती वरच तरंगतात आणि चिमट्याने काढता येतात. एकदा मिसळलं की तो माल साच्यात नीट भरतच नाही.

तक्रार एकच, नळी ठिबकते. नळीचं तोंड आतून बंद करणारा दांडा थोडा फिरवून परत बसवला की बहुतेक वेळा थांबते, नाहीतर पॉट रिकामा करून आतला दांडा घासावा लागतो. खाली ट्रे हवाच.

पाण्याचा थेंबसुद्धा पॉटजवळ नको. ओलं शिसं वितळलेल्या शिशात पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होऊन शिसं अंगावर उडतं, त्यामुळे नवीन तुकडे आधी काठावर तापवून मगच आत सोडा. जुन्या बॅटरीतलं शिसं तर घरी आणूच नका, त्यातून विषारी वायू निघू शकतात. काम उघड्यावर, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि मुलं जवळपास नकोत. या तापमानाला वाफेपेक्षा मळीची बारीक धूळ जास्त घातक, ती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, पण पॉट पूर्ण थंड झाल्यावरच. मळी झाकणाच्या डब्यात ठेवा, कपडे वेगळे धुवा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. नियमित ओतणाऱ्यांनी रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्यावं, कारण सुरुवातीला त्रास काहीच जाणवत नाही.