उपकेंद्रातली सिस्टर: किरकोळ दुखण्याला किती कामाची?

ताप, खोकला, हगवण, खरूज, रोवणीतल्या चिखल्या, वावरात लागलेला विळा. एवढ्यासाठी तालुक्याला गेलं की रोजी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. सरकारी आरोग्य उपकेंद्रात हे फुकट होतं. सपाट भागात 5000 लोकसंख्येला आणि मेळघाट-गडचिरोलीसारख्या डोंगरी, आदिवासी भागात 3000 ला एक, असा निकष आहे. 2018 पासून यातली बरीच केंद्रं आरोग्यवर्धिनी झाली आणि 2023 मध्ये पाटी बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर. एएनएमच्या (उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या) जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी आले, पण गावाच्या तोंडी सगळ्या सिस्टरच.

सिस्टर पारखायची ती गोळ्या हाती पडण्याआधी काय करते यावरून. लेकराला खोकला असेल तर सदरा वर करून, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला हवा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराला 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं इथं चालत नाही, कारण लहानग्यांचा श्वास एका लयीत नसतोच. श्वास घेताना छाती खालून आत ओढली जात असेल तर तिनं वेळ न दवडता 108 बोलवावी.

हगवणीत घोळ होतो तो ओआरएस कालवण्यात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचं. पेल्यात चिमूट-चिमूट टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. कालवलेलं 24 तासांनी फेकायचं. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी 14 दिवस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अर्धी. तिसऱ्या दिवशी हगवण थांबते आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. म्हणून चौदाही गोळ्या पहिल्याच दिवशी देऊन वर आशाताईला घरी पाठवणारं केंद्र आमच्या लेखी वरच्या दर्जाचं.

तापाला पॅरासिटामॉल वजनावर, किलोला 15 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलीत 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतं, त्यामुळे 'एक चमचा द्या' हे उत्तर धोक्याचं. दहा किलोच्या लेकराला पहिलं 6 मिली लागतं, दुसरं 3 मिली. सोबत मलेरियाची किट टेस्ट झालीच पाहिजे. व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला तर प्रायमाक्विन 14 दिवस, मात्र आधी जी6पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता आहे का हे पाहूनच. मलेरिया निगेटिव्ह आला म्हणून पावसाळ्यानंतरचा ताप पॅरासिटामॉलवर सोडून देणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. काख, जांघ, कंबरपट्टा बघायला हवा. तिथं काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस (बारीक किडीच्या चाव्यातून होणारा ताप) समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं. सिकलसेलच्या रुग्णाचा ताप तर किरकोळात धरूच नये.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक. चक्कर, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: हे ऊन लागणं नव्हे, विषबाधा आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यानं याची किंमत मोजली. कपडे उतरवून साबणानं अंग धुणं आणि 108 बोलावणं एवढंच सिस्टरचं काम, लिंबू-सरबत पाजत बसणं नाही.

जखमा आणि कातडीचे आजार हा तिचा सगळ्यात भरवशाचा भाग. कुत्रा चावला तर वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवून घेते (हळद-तिखट भरून आलेल्यांना आधी ऐकूनही घ्यावं लागतं). खरजेला परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, आठवड्यानं पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री. एकट्याला ट्यूब दिली की खरूज घरातच फिरत राहते.

उणिवा आहेतच. लसीकरणाच्या आणि गृहभेटीच्या दिवशी कुलूप भेटतं. सिरप महिनाअखेरीस संपतं. ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, डॉक्टरांना दाखवायची सोय चांगली, पण रेंज गेली की चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो. लोकांचाही हात आहे. सुई नाही टोचली तर 'काहीच नाही केलं बा' म्हणत बोगस डॉक्टरकडे जायचं आणि अशक्तपणासाठी सलाईन लावून घ्यायचं. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नाकारणाऱ्या सिस्टरला यासाठी कमी गुण देऊ नका, उलट वाढवा.

जायचं तर सकाळी, लेकराचं लसीकरण कार्ड आणि घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर सिरप मागू नका, टीबीसाठी थुंकीच्या तपासणीची डबी मागा.