दुकानात चटकन लागलेला जीपीएस

मोटारसायकलच्या हँडलवर बसवायचे पाच-सात इंची स्क्रीन आता जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेही ॲक्सेसरीजच्या दुकानात टांगलेले दिसतात. फोन त्याला जोडायचा आणि फोनवरचा नकाशा त्याच्यावर बघायचा, एवढंच त्याचं काम. तसं सांगून कोणी विकत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण हाच डबा ‘फोनची गरजच नाही, डायरेक्ट सॅटेलाईटवर चालतो’ म्हणून दुप्पट भावात गळ्यात मारला जातोय. माझ्या गळ्यात मारलाय. शिवाय त्याच्यावर अँटेना आणि रिचार्जही.

माझं काम ठिबकच्या सर्व्हिसचं. कुठे फिल्टर तुंबलाय, कुठे व्हॉल्व्ह गळतोय, कुठे उंदरांनी नळ्या कुरतडल्यात. रावेर, यावल, चोपडा, सगळा केळीचा पट्टा गाडीवर फिरायचा. शेताला पत्ता नसतो. शेतकरी व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकतो आणि वर फोन करून सांगतो, “पाटचारीच्या पलीकडे, निंबापासून डाव्या हाताला.” केळीच्या शिवारात दोन्हीकडून पानांची भिंत असते, निंब दिसेपर्यंत आपण पुढच्या गावात.

फोन हँडलला लावून बघितला होता. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये उन्हात फोन तापतो आणि मध्येच बंद पडतो. दुसरी भीती कॅमेऱ्याची. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलंय. माझ्याकडे आयफोन नाही, पण शेतातले फोटो कंपनीला पाठवावे लागतात, कॅमेरा जाऊन चालत नाही. तिसरी अडचण रेंजची. चोपड्याहून लासूर सोडून सत्रासेनच्या अंगाला गेलं की फोनवरच्या दांड्या एकेक करून जातात. म्हणून स्वतःचा जीपीएस असलेलं, फोनवर अवलंबून नसलेलं यंत्र हवं होतं. अशी यंत्रं मिळतात, खोटं नाही. चांगल्या कंपन्यांची मोटारसायकलसाठीची मुद्दाम बनवलेली असतात, महाग असतात.

दुकान तळघरात होतं. गाव आणि नाव मुद्दाम लिहीत नाही. पोरगा बोलायला गोड. “भाऊ, फोन बंद असला तरी चालतं. रेंज लागत नाही. इस्रोच्या सॅटेलाईटवर आहे, डायरेक्ट.” भाव ८,५००. त्यानं माझा फोन मागितला, त्यात एक ॲप टाकलं, ब्लूटूथ जोडला. म्हणाला, “हे फक्त ॲक्टिव्हेशनपुरतं.” मग बटण दाबलं आणि दोन सेकंदांत दुकानाची गल्ली स्क्रीनवर. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही म्हणाली, भारीच लागतं हो चटकन.

आता हे नीट वाचा, कारण सगळी गोम इथंच आहे. ते चटकन लागणं हाच फसवणुकीचा पुरावा होता. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,००० किलोमीटरवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की काँक्रीटच्या स्लॅबखाली तो सहसा पोचत नाही, तळघरात तर सोडाच. यंत्राला आपली जागा काढायला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. शिवाय खोक्यातून नुकतंच काढलेलं यंत्र पहिल्यांदा उघड्या आकाशाखाली थोडा वेळ घेतं, कारण कुठला उपग्रह कुठे आहे हे त्याला त्या उपग्रहांकडूनच समजून घ्यायचं असतं. एका उपग्रहाची ही माहिती पूर्ण यायलाच अर्धा मिनिट लागतो. फोनला मात्र मोबाईलचा टॉवर आणि आसपासचे वायफाय यांची मदत असते, त्यामुळे तो तळघरातही अंदाजानं जागा सांगतो. म्हणजे स्क्रीनवर दिसत होती ती माझ्याच खिशातल्या फोनची जागा.

सुरुवातीला काही कळलं नाही. फोन खिशात असायचा, ब्लूटूथ चालू असायचा, स्क्रीन छान चालायचा. फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरायची एवढंच. आणि सकाळी गाडीचं सेल्फ उचलेना, कारण वायर इग्निशनवरून न घेता सरळ बॅटरीला मारलेली. रात्रभर स्क्रीन तिच्यावर जगत होता. ते गॅरेजवाल्यानं दुरुस्त करून दिलं.

मग एकदा सत्रासेनकडच्या एका शेतावर जात होतो. वाटेत फोनची बॅटरी संपली आणि त्याच क्षणी हँडलवरचा नकाशा गेला. काळ्या पडद्यावर दोन ओळी, इंग्रजीत: फोन जोडा. वर सताड उघडं आकाश, आसपास सातपुड्याच्या पायथ्याची मोकळी माळजमीन. डायरेक्ट सॅटेलाईटला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

दुकानात परत गेलो तर मालक पुढे आला. “डोंगरात सॅटेलाईटची रेंज येत नाही भाऊ. बाहेरची अँटेना लावा.” ही थाप अर्धी खरी असते, म्हणूनच पचते. खोल दरीत, बोगद्यात, पत्र्याखाली आकाश झाकलं जातं आणि जीपीएस गडबडतो. पण मी दरीत नव्हतो. अँटेनाचे १,४०० घेतले. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, खाली लोहचुंबक, वायर लांबलचक. वर “वर्षाचं सॅटेलाईट रिचार्ज” म्हणून ९९९. अँटेना बसली नाही तर पैसे परत, हे तोंडी.

रिचार्जचं सांगतो. जीपीएसचा सिग्नल फुकट असतो. आपलं यंत्र उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतं, रेडिओ लावावा तसं. इस्रोच्या ‘नाविक’चं, म्हणजे आपल्या देशी जीपीएसचंही तेच, त्याचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला, आणि ज्या यंत्राच्या चिपमध्ये सोय आहे त्याला तो सिग्नल मोफत मिळतो. पैसे लागतात ते वेगळ्या गोष्टीला. गाडी चोरीला गेली तर कुठे आहे ते आपल्या मोबाईलवर कळवणारा ट्रॅकर असतो, त्यात सिमकार्ड असतं, त्या सिमचं रिचार्ज मारावं लागतं. काही यंत्रांच्या नकाशांनाही पैसे पडतात. पण उपग्रहाचं रिचार्ज असा प्रकारच नाही. जो मागेल तो थापाड्या आहे असं समजून जिना चढून वर यावं. जाता जाता, “आता आरटीओनं टू-व्हीलरलाही जीपीएस कंपल्सरी केलंय” असंही त्या दुकानात एकाला सांगताना मी ऐकलं. ट्रॅकरची सक्ती बस, टॅक्सी अशा प्रवासी गाड्यांना आहे, दुचाकी त्यातून वगळलेल्या आहेत.

अँटेना लावूनही फोन बंद केला की पडदा काळाच. तेव्हा ती आमच्या गल्लीतल्या नानांकडे नेली. नाना टीव्ही-मोबाईल दुरुस्त करतात, मूळचे अमळनेरकडचे. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं डबीचं झाकण उचकटलं. खऱ्या जीपीएस अँटेनात चौकोनी, विटकरी-पांढुरक्या रंगाची चिनीमातीसारखी वडी असते, तिच्या मध्यात डाग दिल्याचा ठिपका. याच्यात गरम गोंदाच्या थापीत बसवलेला एक लोखंडी नट होता. वजन यावं म्हणून. वायर आत आली होती, तिला गाठ मारली होती आणि तिथंच संपली होती. कशालाच जोडलेली नव्हती. नानांनी नट नखानं वाजवून पाहिला आणि हसायला लागले, “आरे भाऊ, येन्हामा ते काहीच नही शे!”

मग स्क्रीनही उघडला. ब्लूटूथ-वायफायची चिप, आवाजाचा भाग, पडद्याची पट्टी. जीपीएसचं नाव नाही. अँटेनाची वायर जिथं खुपसायची ते भोकही आतून मोकळंच.

आता सगळ्यात हुशारीची गोष्ट. घरी येऊन बिल काढलं. त्यावर लिहिलं होतं, “मोटारसायकल मोबाईल डिस्प्ले, १ नग.” सॅटेलाईट नाही, जीपीएस नाही, नेव्हिगेशनही नाही. म्हणजे आत काय आहे हे विकणाऱ्याला बिल फाडतानाच पक्कं ठाऊक होतं. अँटेना आणि रिचार्जचं तर बिलच नाही, ते पैसे फोनवरून तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेले. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, छापील किंमत नाही. परदेशी बंद मालावर या दोन्ही गोष्टी कायद्यानं छापाव्या लागतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर फोन केला. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून घेतली, नंबर दिला. तो नंबर आणि उघडलेल्या अँटेनाचे फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकल्यावर मालकाचा सूर बदलला. “भाऊ, घरातली गोष्ट आहे, बाहेर कशाला.” अँटेनाचे १,४०० दिले. स्क्रीनबद्दल मात्र बिलावर बोट: “डिस्प्ले घेतला, डिस्प्ले चालतोय.” यावर आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं, ऑनलाईनही देता येते. ‘फोन बंद असला तरी चालतं का’ हा माझा प्रश्न आणि ‘हो भाऊ, फुल गॅरंटी’ हे त्यांचं उत्तर व्हॉट्सॲपवर आहे, तेवढाच आधार.

तुम्हाला असलं यंत्र घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी स्वतःचा फोन पूर्ण बंद करा. विकणाऱ्यालाही त्याचा बंद करायला लावा, नाहीतर तो त्याच्या फोनला जोडून दाखवतो. मग यंत्र घेऊन रस्त्यावर या, झाडाखाली नको, मोकळ्यात. पहिल्यांदा काही मिनिटं थांबावं लागेल, थांबा. जागा लागली की गाडीला बांधून एक चक्कर मारा आणि मुद्दाम दोन गल्ल्या वळा. नकाशावरचा बाण तुमच्याबरोबर वळला पाहिजे, कारण नुसता व्हिडिओ लावून दाखवणारेही आहेत. बिलावर ‘स्वतःचा जीपीएस रिसीव्हर असलेलं, फोनशिवाय चालणारं’ एवढं लिहून आणि शिक्का मारून घ्या. लिहायला का-कू करत असेल तर तिथूनच फिरा.

माझ्यापुरतं काम सध्या फोनवरच भागतंय. फोनमध्ये जीपीएस रिसीव्हर असतोच, रेंज गेली तरी तो चालतो, विमान मोडवरसुद्धा. रेंज गेल्यावर गायब होतो तो नकाशा. तो घरीच वायफायवर तालुक्यापुरता डाउनलोड करून ठेवतो, शेतकऱ्याचं लोकेशन निघण्याआधी नकाशावर खूण करून ठेवतो, फोन शर्टाच्या खिशात आणि कानात एका बाजूला इयरफोन. सत्रासेनपर्यंत वाट बरोबर सांगतो. रिचार्जच्या ९९९ बद्दल दुकानदार म्हणतो, ते कंपनीकडे गेले.